साचा आणि डोळे

आषाढ लागला की पेणच्या मूर्तिशाळांत 'रात्र थोडी नि सोंगे फार' अशी अवस्था होते. ओट्यावर, पडवीत, माडीवर, जिन्याच्या कडेलासुद्धा गणेशमूर्तींच्या रांगा वाळत ठेवलेल्या असतात. कोणी साच्यात शाडूची माती दाबून बसवीत असतो, कोणी साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे लिंपीत असतो, तर कोणी पॉलिश पेपरने घासून तिचे अंग गुळगुळीत करीत असतो. या साऱ्या धांदलीपासून किंचित दूर, खिडकीच्या उजेडात, एखादा जुना कारागीर बसलेला दिसतो. त्याच्या हातात बारीक कुंचला असतो आणि त्याचा श्वास रोखलेला असतो. तो मूर्तीचे डोळे आखीत असतो.

एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. डोळे मात्र कोणत्याही साच्यातून निघत नाहीत. ते प्रत्येक मूर्तीला स्वतंत्रपणे, हातानेच द्यावे लागतात, आणि पेणच्या मूर्तीची ख्याती पुष्कळशी या आखणीवर उभी आहे. नवख्या पाहुण्याला वाटते की, साचा वापरणे म्हणजे कलेत केलेली तडजोड होय. जाणत्याला ठाऊक असते की, साच्याने वाचविलेला वेळच डोळ्यांच्या वाट्याला येतो. शिवाय गणेशचतुर्थी कोणासाठी एक दिवसही पुढे सरकत नाही. त्या दिवशी जी मूर्ती पूर्ण असेल, तीच घरोघरच्या पाटावर जाते. अपूर्ण मूर्तीची कल्पना कितीही भव्य असो, तिला कोणी आरती ओवाळीत नाही.

अशाच एका मूर्तिशाळेच्या घरात वाढलेला, आठव्या इयत्तेतील एक मुलगा डोळ्यांसमोर आणावा. देशातील अनेक शाळांत २०१६ सालच्या योजनेनुसार 'अटल टिंकरिंग लॅब' नावाच्या प्रयोगशाळा उघडल्या गेल्या. तशीच एक त्याच्या शाळेतही आहे असे समजावे. विद्यार्थ्यांनी बनविलेल्या यंत्रमानवांची एक स्पर्धा जाहीर होते, आणि हा मुलगा, त्याचा एक जिवलग मित्र व त्यांच्याच वर्गातील एक मुलगी अशी तिघे तीत उतरण्याचे ठरवितात. येथून पुढची हकीकत या तिघांची; पण यंत्र बनविणाऱ्या कोणत्याही मुलांची ती थोड्याफार फरकाने अशीच असते.

स्पर्धेचे स्वरूप सोपे होते. पांढऱ्या पटावर एक काळी रेघ आखलेली होती. यंत्राने त्या रेघेवरून आपोआप चालायचे होते. वाटेत कडी बसविलेले लाकडी ठोकळे ठेवलेले होते. ठोकळा ढकलून चौकटीत आणला तर १० गुण. उचलून उंच फळीवर ठेवला तर २० गुण. वेळ तीन मिनिटांचा होता.

पहिल्या दिवशी तिघांनी कागदावर जे चित्र काढले, ते पाहून कोणीही थक्क झाला असता. 'रोबो' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर पसरला; त्याच्या मुळाशी असलेल्या शब्दाचा अर्थ वेठ, सक्तीचे काम, असा आहे. पण मुलांच्या मनात यंत्रमानव म्हणजे वेठीचा गडी नव्हता. तो पराक्रमी वीर होता. त्याला पाच सांध्यांचा हात हवा होता, बोटे हवी होती, रंग ओळखण्याची दृष्टी हवी होती, आणि जिंकल्यावर त्याने मान वळवून प्रेक्षकांना वंदनही करावयाला हवे होते. हात बनविण्याचे काम मित्राने आपल्याकडे घेतले. त्याने जुन्या खेळण्यांतील मोटरी काढल्या, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापल्या, आणि रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतरही तो त्या हाताशीच बसून राहू लागला. त्याच्या आयुष्यात स्वतःच्या हातांनी उभी केलेली ती पहिलीच मोठी वस्तू होती.

हात सुंदर झाला. तो यंत्रावर बसविला, आणि यंत्र तोंडघशी पडले.

त्याचे कारण गूढ नव्हते. टेकूपासून भार जितका दूर, तितका तो अधिक जोराने खाली ओढतो, हा तरफेचा नियम मुलांनी पुस्तकात वाचला होता; आता तो त्यांना समोर दिसला. हाताच्या टोकाला बसविलेल्या मोटरीचे ओझे तिच्या मागच्या प्रत्येक सांध्याला वाहावे लागे, आणि लांबविलेला हात पुढच्या चाकांवर साऱ्या यंत्राला कलंडवी. तोल सावरण्यासाठी मागे वजन लावले, तेव्हा चाकांची गती मंदावली. सर्व मोटरी एकदम सुरू झाल्या की बॅटरीतून एकाएकी मोठा प्रवाह ओढला जाई, विजेचा दाब खाली येई, आणि यंत्राचा मेंदू असलेली चिमुकली सर्किटपट्टी क्षणभर बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. एक दोष काढावा तर दुसरा उभा राही.

मुलीने एक वही घातली होती. प्रत्येक खेपेला यंत्राने काय केले, ते ती तीत टिपून ठेवी. एके दिवशी तिने फळ्यावर एक हिशेब मांडला. यंत्राचा एक भाग दहा वेळांपैकी नऊ वेळा बिनचूक चालतो असे धरले, तर तो शंभरात नव्वद वेळा यशस्वी होईल. असेच दोन भाग एकापाठोपाठ चालावयाचे असतील, तर दोन्ही साधण्याचे प्रसंग ८१ उरतात. तीन असतील तर ७३. त्यांच्या यंत्रात चाके, रेघ ओळखणारे डोळे, हाताचे पाच सांधे आणि बोटे मिळून असे आठ भाग होते. आठव्या भागापर्यंत पोहोचता पोहोचता शंभरातील केवळ ४३ प्रसंग शिल्लक राहत. वहीतील नोंदही तेच सांगत होती: दहा खेपांत चार वेळा ठोकळा फळीवर गेला होता.

"म्हणजे एकही भाग वाईट नाही, आणि तरीही यंत्र वाईट आहे!" मूर्तिकाराचा मुलगा उद्गारला.

नैराश्याच्या भरात त्याने दुसरे टोक गाठले. हात काढून टाकावा, पुढे एक फळकूट बसवावे, आणि ठोकळे नुसते ढकलीत न्यावेत, असे त्याने सुचविले. मित्र एक शब्दही बोलला नाही. त्याने हात सोडविला, जुन्या कापडात गुंडाळला, एका खोक्यात ठेवला आणि तो घरी निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो प्रयोगशाळेकडे फिरकला नाही.

फळकुटाचे यंत्र चालू लागले. दहा खेपांपैकी आठ खेपांना त्याने ठोकळा चौकटीत आणला. पण मुलीने वहीत गुणांची बेरीज केली, तेव्हा दोघेही गप्प झाली. फळकुटाच्या यंत्राला दहा खेपांत आठ वेळा १०, म्हणजे ८० गुण; पाच सांध्यांच्या यंत्राला चार वेळा २०, म्हणजे तेही ८०च. एकाची महत्त्वाकांक्षा त्याच्या शक्तीबाहेरची होती. दुसऱ्याला महत्त्वाकांक्षाच नव्हती. दोघांचे मोल सारखेच भरले होते. आणि या दुसऱ्या यंत्रापायी एक मित्र दुरावला होता, तो तोटा तर वहीत मांडताही येत नव्हता.

पुढच्या रविवारी मूर्तिकाराचा मुलगा मित्राच्या घरी गेला. क्षमा कशी मागावी हे त्याला उमगेना, म्हणून तो एवढेच म्हणाला, "रोह्याला मामाकडे चाललो आहे. तूही चल. तो हात मामाला दाखवू." मित्राने खोके काखेत घेतले. गाडी कासू, नागोठणे, निडी ही स्थानके मागे टाकीत रोह्याला पोहोचली. वाटेत दोघे फारसे बोलले नाहीत. खिडकीबाहेर ओली भातखाचरे मात्र अखंड पळत होती.

मामा रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत फिटर होता. यंत्रे बिघडल्यावर काय होते हे पाहण्यातच त्याचे आयुष्य गेले होते. त्याने खोके उघडून हात बराच वेळ निरखला, प्रत्येक सांधा हलवून पाहिला, आणि आधी कामाची वाखाणणी केली. मित्राचा चेहरा थोडा उजळला. मग मामा म्हणाला, "बाळांनो, जो नट बसविलाच नाही, तो कधी ढिला होत नाही. हे आम्ही कामावर रोज शिकतो. पण तेवढेच खरे मानून सगळे नट काढीत बसलात, तर यंत्रच उरणार नाही. कोणता नट कोणत्या कामासाठी आहे, हे ज्याला सांगता येते, त्यानेच तो काढावा किंवा ठेवावा."

एवढ्यात परसातून मामीची हाक आली. विहिरीवर पाणी काढताना बादली निसटून पडली होती. मामाने खुंटीवरचा लोखंडी गळ काढला. एका कड्याला चोहोबाजूंनी जोडलेले अनेक आकडे, असे त्याचे रूप होते. दोर सोडून त्याने तो पाण्यात सावकाश फिरविला. दोन फेऱ्यांतच एक आकडा बादलीच्या कडीत अडकला, आणि बादली वर आली.

मित्र काठावर ओणवून हे पाहत होता. तो एकदम म्हणाला, "मामा, तुम्हांला बादली दिसत होती का?"

"नाही रे. खाली काळोख आहे."

"मग नेम कसा धरलात?"

"नेम धरावाच लागत नाही," मामा हसून म्हणाला. "कोणता ना कोणता आकडा कडीत जातोच. गळाची सारी करामत तीच आहे."

मित्र त्या गळाकडे पाहतच राहिला. त्याच्या हाताला पाच सांधे लागत होते, कारण त्याची बोटे नेमकी कडीवर जाऊन पोहोचणे आवश्यक होते. बोटांच्या जागी अनेक आकड्यांचा गळ असता, तर यंत्र बोटभर इकडेतिकडे थांबले तरी बिघडणार नव्हते. मग हात वळविण्याची, लांबविण्याची, फिरविण्याची गरजच उरत नव्हती. तो केवळ खाली जाऊन वर आला की पुरे होते. त्यासाठी एक सांधा बस होता.

त्या संध्याकाळी मामा दोघांना पोहोचविण्यास स्थानकावर आला. रोह्यापासूनच कोकण रेल्वेचा आरंभ होतो. दऱ्या, नद्या आणि नव्वदांहून अधिक बोगदे ओलांडीत सुमारे ७४० किलोमीटर जाणारा हा मार्ग १९९८ साली संपूर्ण खुला झाला. मामाने दक्षिणेकडे जाणाऱ्या रुळांकडे बोट दाखविले. "हा मार्ग बांधला तेव्हा एकेरीच होता," तो म्हणाला. "कोकणातून मंगळूरकडे गाडी जावी, ही आकांक्षा केवढी मोठी! पण दुहेरी होईपर्यंत थांबू, असे कोणी म्हटले नाही. आधी एकच रूळमार्ग टोकापर्यंत नेला. पुढे २०२१ साली रोह्यापासून वीरपर्यंतचा टप्पा दुहेरी झाला. गाडी धावू लागल्यावर मार्ग वाढविता येतो. मुळात टोकाला न पोहोचलेला मार्ग कितीही रुंद असला, तरी त्यावरून कोणी गावाला जात नाही."

परतीच्या गाडीत दोघे मित्र पेण येईपर्यंत बोलत होते.

नवा हात चार दिवसांत तयार झाला. एक सांधा, एक मोटर, टोकाला वाकविलेल्या तारांचा चिमुकला गळ. मोटर हाताच्या टोकाला न बसविता खाली, चाकांच्या जवळ बसविल्यामुळे यंत्र कलंडेना. पहिल्याच दिवशी दहा खेपांपैकी सात खेपांना ठोकळा फळीवर गेला. वहीत १४० हा आकडा लिहिताना मुलीचे अक्षर नेहमीपेक्षा मोठे आले होते. विशेष हे की, हा हात पहिल्यापेक्षा साधा असूनही त्यासाठी अधिक विचार लागला होता. फळकुटाचा साधेपणा भीतीतून आला होता. गळाचा साधेपणा कामाचे मर्म समजल्यातून आला होता. बाहेरून दोन्ही सारखेच साधे दिसतात, आणि म्हणूनच माणसे त्यांत पुष्कळदा गफलत करतात.

मोठमोठ्या कार्यांतही हाच विवेक दृष्टीस पडतो. २००८ साली आशिया-पॅसिफिक भागातील विद्यार्थ्यांची 'रोबोकॉन' ही यंत्रमानवांची स्पर्धा पुण्यात भरली होती. यजमान या नात्याने भारताने त्या वर्षीचा खेळ आपल्या दहीहंडीवर रचला होता, आणि त्याचे नावही 'गोविंदा' असे ठेविले होते. देशोदेशींच्या विद्यार्थ्यांची यंत्रे हंडीपर्यंत पोहोचण्याची शिकस्त करीत होती. चीनच्या शिआन जियाओतोंग विद्यापीठाचा संघ त्यात विजयी झाला. दहीहंडीचे रहस्य कोकणातील मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. हंडी फोडणारा गोविंदा सर्वांत वर असतो. पण त्याची उंची ठरते ती सर्वांत खालच्या थराच्या पायांवर. जितके थर रचावयाचे, तितका पहिला थर भक्कम हवा. तो डळमळत असताना वर आणखी एक थर चढविणे याला धाडस म्हणत नाहीत.

चांद्रयानाची कथा तर सर्वांना परिचित आहे. २०१९ साली 'चांद्रयान-२' मधील अवतरक चंद्रावर अलगद उतरू शकला नाही. देशाने हळहळ व्यक्त केली. शास्त्रज्ञांनी पुन्हा यान सज्ज केले, तेव्हा आकांक्षा तसूभरही कमी केली नाही. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशातच उतरावयाचे, हे कायम ठेवले. परंतु पहिल्या अवतरकाला पाच मुख्य इंजिने होती, ती नव्या अवतरकात चार केली. त्याचे पाय अधिक बळकट केले, इंधन वाढविले, आणि उतरण्याची जागा पूर्वी अर्धा किलोमीटर लांबीरुंदीची होती, ती चार किलोमीटर लांब व सुमारे अडीच किलोमीटर रुंद धरली. म्हणजे नेम थोडा चुकला तरी यान सुखरूप उतरावे, अशी तजवीज केली. विहिरीवरच्या गळाचे तत्त्व ते हेच! २३ ऑगस्ट २०२३ रोजी 'चांद्रयान-३' चंद्रावर उतरले. इंजिन कमी झाले म्हणून चंद्र जवळ आला नव्हता. तो तितकाच दूर होता.

स्पर्धेला आता दोन आठवडे उरले होते. मित्राच्या मनात पुन्हा रंग ओळखण्याची दृष्टी घोळू लागली. मूर्तिकाराच्या मुलालाही तो मोह आवरेना. दोघे हा वाद घेऊन मूर्तिशाळेत आले, तेव्हा बाबा डोळे आखीत होते. त्यांनी कुंचला खाली ठेवला नाही. हातातील मूर्तीचा दुसरा डोळा पूर्ण झाल्यावर ते म्हणाले, "बाळ, साचा तयार झाल्यावर मी त्याला आणखी चार हात जोडीत बसत नाही. साचा झाला की मी डोळ्यांकडे वळतो. तुमच्या यंत्राचे डोळे कोणते, ते तुम्ही शोधा."

मुलांनी ते शोधले. त्यांच्या यंत्राचे डोळे म्हणजे सराव होता. काळी रेघ प्रकाश शोषून घेते आणि पांढरा पट तो परत पाठवितो, या फरकावर यंत्राची वाटचाल अवलंबून होती. म्हणून त्यांनी ते सकाळच्या उन्हात, ढगाळ दुपारी आणि रात्री दिव्याखाली चालवून पाहिले. अर्धी बॅटरी संपल्यावर काय होते ते पाहिले. ढिले होणारे स्क्रू शोधून आवळले. दोनशेहून अधिक खेपा वहीत नोंदल्या गेल्या. अखेरीस दहापैकी नऊ वेळा ठोकळा फळीवर जाऊ लागला, आणि वहीत १८० हा आकडा उमटला. नवा एकही भाग न जोडता यंत्र पूर्वीपेक्षा कितीतरी मोठे झाले होते.

स्पर्धेच्या दिवशी सभागृहात एकाहून एक देखणी यंत्रे आली होती. काही वळली नाहीत, काही अर्ध्या वाटेवर थांबली, आणि काही खरोखरच अपूर्व चालली. पहिले पारितोषिक दुसऱ्या एका शाळेला मिळाले. त्यांच्या यंत्राचे भाग अधिक होते, पण त्यांनी वर्षभर आधी आरंभ केला होता, आणि एकेक भाग पक्का झाल्यावरच पुढचा जोडला होता. पेणच्या मुलांचे यंत्र मात्र प्रत्येक फेरीत रेघेच्या टोकापर्यंत गेले, आणि प्रत्येक फेरीत त्याने आपला ठोकळा फळीवर ठेवला. शेवटच्या फेरीत गळाचा आकडा कडीत अडकून ठोकळा वर उचलला गेला, तेव्हा मित्राने मूर्तिकाराच्या मुलाचा हात घट्ट धरला होता. पारितोषिकाचे दुःख त्या दोघांपैकी कोणालाही फारसे झाले नाही.

घरी परतल्यावर पाच सांध्यांचा तो जुना हात मित्राने पुन्हा बाहेर काढला. त्याने तो मोडला नाही, की अडगळीतही टाकला नाही. मुलीने वहीचे नवे पान उघडले आणि वर लिहिले, 'सांधा पहिला'. एक सांधा पक्का झाला, म्हणजे दुसरा. दुसरा पक्का झाला, म्हणजे तिसरा. रोह्याहून निघालेल्या मार्गाला दुसरा रूळ असाच मिळाला होता.

बाहेर पाऊस पडत होता. मूर्तिशाळेत खिडकीपाशी बाबा नव्या मूर्तीपुढे बसले होते. मूर्ती इतर शंभर मूर्तींसारखीच साच्यातून निघालेली होती. त्यांनी श्वास रोखला, कुंचला टेकविला, आणि मूर्ती पाहू लागली.